'प्रज्ञापराध' : शब्दाचा अर्थ आणि त्याचा व्यवहार

गेल्या शरद ऋतूतील गोष्ट. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई अम्लपित्ताची जुनी तक्रार घेऊन आमच्या चिकित्सालयात आल्या. पती दोन वर्षांपासून पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. त्यामुळे रात्री तीन-तीन वेळा उठणे, सकाळचे जेवण दुपारी तीनला, कधी तेही नाही. आम्ही इतिहास लिहून घेतला, नाडी पाहिली, जिव्हा पाहिली आणि सवयीने बोलून गेलो, "बाई, हा सगळा प्रज्ञापराध आहे." बाईंनी चष्मा सारखा केला. त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवले होते. त्या म्हणाल्या, "वैद्यराज, अपराध म्हणजे गुन्हाच ना हो? मग माझा गुन्हा कोणता, तेवढे सांगा."

आम्हांस त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. 'तसे नव्हे, हा शास्त्रातला शब्द आहे' असे काहीतरी पुटपुटून आम्ही औषधाकडे वळलो. परंतु तो प्रश्न मनात राहिला. पदवीच्या पहिल्या वर्षापासून जो शब्द आपण घोकतो, परीक्षेत लिहितो आणि रुग्णाला ऐकवतो, त्याचा अर्थ आपण नेमका कोणता घेतो, हे तपासून पाहावे असे वाटले. प्रस्तुत लेख त्या शोधातून सिद्ध झाला आहे.

प्रथम व्युत्पत्ती. 'प्रज्ञा' हा शब्द प्र उपसर्गपूर्वक ज्ञा धातूपासून बनतो, हे सर्वविदित आहे. 'अपराध' या शब्दाकडे मात्र आपण सहसा थांबून पाहत नाही. राध् हा धातू 'संसिद्धी' या अर्थाचा आहे. एखादी गोष्ट तडीस जाणे, साधणे, पक्व होणे, हा त्याचा मूळ भाव. 'आराधना' याच धातूची. सिद्धान्त या अर्थी येणारा 'राद्धान्त' हा शब्दही याच कुळातला. रध् हा याचा जवळचा नातलग असून आपल्या मराठीतील 'रांधणे' त्याच्या घरचे आहे. या राध् धातूला 'अप', म्हणजे दूर, बाजूला, हा उपसर्ग लागला की साधायचे ते साधत नाही, बाजूला जाते, असा अर्थ होतो. 'अपराध' या शब्दाच्या मुळाशी दंड, पाप, न्यायालय यांपैकी काही नाही. तेथे आहे तो हुकलेला नेम.

याचा पुरावा अमरकोशात मिळतो. क्षत्रियवर्गात धनुर्धरांची नावे देताना अमरसिंह 'अपराद्धपृषत्क' असा एक शब्द देतो. पृषत्क म्हणजे बाण. ज्याचा बाण लक्ष्यापासून ढळला, तो अपराद्धपृषत्क. त्या धनुर्धराने कोणाचा गुन्हा केलेला नाही. त्याने लक्ष्य पाहिले, प्रत्यंचा ओढली, बाण सोडला आणि तो लागला नाही.

गंमत अशी की ग्रीक भाषेतही असेच घडले आहे. अॅरिस्टॉटलने शोकांतिकेची चर्चा करताना नायकाच्या हातून घडणाऱ्या चुकीस 'हामार्तिया' हा शब्द योजला. त्या शब्दाचे क्रियापद होमरच्या काव्यात भाल्याचा नेम चुकण्यासाठी येते. पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषेत तोच शब्द 'पाप' या अर्थी रूढ झाला. नेम चुकण्यापासून पापापर्यंतचा प्रवास दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे केला. इंग्रजीतील 'एरर' हा शब्द मात्र लॅटिनमधील भटकणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. आपल्याकडे 'भ्रम' हा शब्दही भ्रम् म्हणजे फिरणे, भटकणे या धातूचा. मनुष्याच्या चुकीसाठी भाषांनी निवडलेली चित्रे मोजकीच दिसतात. एक नेम हुकल्याचे, दुसरे वाट सोडून भटकल्याचे आणि तिसरे पाय घसरून पडल्याचे, म्हणजे 'भ्रंश'.

हे तिसरे चित्र आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे, कारण चरकाने प्रज्ञापराधाची व्याख्या करताना 'विभ्रंश' हाच शब्द वापरला आहे. येथे मराठी वाचकास आनंद वाटावा अशी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत भ्रंश् धातूच्या जागी प्राकृतात कोणकोणती रूपे येतात ते नोंदवले आहे. त्या रूपांत 'चुक्क' आणि 'भुल्ल' ही दोन आहेत. म्हणजे आपली रोजची 'चूक' आणि 'भूल' ही दोन्ही व्याकरणकाराच्या लेखी भ्रंशाचीच रूपे. मराठीत नेम चुकतो, वाट चुकते, हिशेब चुकतो, गाडी चुकते, काळजाचा ठोका चुकतो. आणि यांपैकी कशातही गुन्हा नाही. ज्या बाईंनी आम्हांला प्रश्न विचारला त्यांना आम्ही 'बाई, कुठेतरी नेम चुकतो आहे' असे म्हटले असते, तर त्या खचल्या नसत्या आणि शास्त्राचाही अर्थ बिघडला नसता.

आता समासाकडे येऊ. 'प्रज्ञेचा अपराध' असा षष्ठी तत्पुरुष आपण सांगतो. परंतु ही षष्ठी कोणती? प्रज्ञेविरुद्ध केलेला अपराध, की प्रज्ञेने केलेला अपराध? लोकव्यवहारात पहिला अर्थ फार बोकाळला आहे. 'कळत असून केले, बुद्धीला धाब्यावर बसवले' अशा सुरात आपण हा शब्द उच्चारतो. चरकसंहितेचा पुरावा दुसऱ्या अर्थाकडे जातो. सूत्रस्थानाच्या सातव्या, नवेगान्धारणीय अध्यायात भूत, विष, वायू, अग्नी, प्रहार आदींमुळे होणाऱ्या आगंतु रोगांचा विषय निघाला असता आचार्यांनी 'अपराध्यति' हे क्रियापद वापरले आहे आणि त्या क्रियापदाचा कर्ता आहे 'प्रज्ञा'. तेथे रुग्ण अपराध करीत नाही, प्रज्ञा अपराध करते. भेद सूक्ष्म वाटेल, परंतु चिकित्सेच्या दृष्टीने तो मोठा आहे. नेम चुकला तर हात, दृष्टी, धनुष्य, वारा यांपैकी काय बिघडले ते पाहता येते. गुन्हा म्हटला की फक्त गुन्हेगार शोधला जातो.

संहितेत हा शब्द कोठे व कसा येतो, तेही पाहण्यासारखे आहे. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात रोगांची त्रिविध कारणे सांगताना काल, बुद्धी आणि इंद्रियार्थ यांचा मिथ्या, हीन व अतियोग असा निर्देश आहे. तेथे शब्द 'बुद्धी' असा आहे. अकराव्या, तिस्रैषणीय अध्यायात असात्म्येन्द्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध आणि परिणाम अशी त्रयी येते; आणि त्याच ठिकाणी वाणी, मन व शरीर यांची प्रवृत्ती म्हणजे कर्म, त्या कर्माचा अतियोग, अयोग व मिथ्यायोग म्हणजे प्रज्ञापराध, असे स्पष्टीकरण मिळते. पुढे अष्टांगहृदयाच्या पहिल्या अध्यायात वाग्भट याच त्रयीला काल, अर्थ व कर्म अशी नावे देतो. एकाच जागी तीन आचार्यवचने, तीन शब्द : बुद्धी, प्रज्ञापराध, कर्म. चूक विचारात सुरू होते की कृतीत, हा आधुनिक मानसशास्त्राचा वादविषय आहे. आमच्या मते प्राचीनांनी तो प्रश्न सोडवण्याऐवजी दोन्ही टोके हाती धरली. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात, म्हणजे कतिधापुरुषीयात, प्रज्ञापराधाचा विषय संपवताना बुद्धीचे विषम विज्ञान आणि विषम प्रवर्तन असे दोन्ही एकत्र सांगितले आहे. चुकीचे जाणणे आणि चुकीचे वागणे.

त्याच अध्यायातील धी, धृती व स्मृती यांचे विवेचन हे या विषयाचे हृदय होय. धी ढळली की हितकर ते अहितकर आणि अनित्य ते नित्य वाटू लागते. धृती म्हणजे आवर घालणारी शक्ती. ती ढळली की विषयाकडे धावणारे मन अहितापासून मागे खेचता येत नाही. स्मृतिभ्रंशात रज व मोह यांच्या आवरणामुळे जे तत्त्वतः जाणले होते त्याचे स्मरण राहत नाही. मधुमेहाचे उदाहरण घ्यावे. 'गूळ साखरेसारखा नसतो, तो चालतो' असे ज्याला मनापासून वाटते, त्याची धी ढळलेली आहे. ज्याला गूळही चालत नाही हे पक्के ठाऊक आहे, परंतु संक्रांतीच्या ताटासमोर ज्याचा हात थांबत नाही, त्याची धृती ढळली आहे. आणि ज्याने दोन वर्षांपूर्वी पायाची जखम चिघळल्यावर कानाला खडा लावला होता, पण जखम भरताच ते सारे ज्याच्या मनातून पुसले गेले, त्याची स्मृती. तिघांच्या रक्तातील साखर सारखीच वाढते. तिघांना एकच उपदेश करणारा वैद्य मात्र दोघांचा वेळ वाया घालवतो. पहिल्याला माहिती हवी आहे. दुसऱ्याला माहिती देऊन उपयोग नाही, त्याच्या घरातील ताट बदलायला हवे. तिसऱ्याला ठरावीक दिवशी पुन्हा बोलावून आठवण द्यायला हवी.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० साली मानवी चुकांवर ग्रंथ लिहिला आणि विमानोड्डाण, अणुवीज व पुढे वैद्यक या क्षेत्रांत तो आधारभूत ठरला. त्यांची विभागणी थोडक्यात अशी : ठरवले बरोबर पण करताना हात घसरला, ती 'स्लिप', करावयाचे होते तेच विसरले, तो 'लॅप्स', ठरवण्यातच चूक झाली, ती 'मिस्टेक', आणि नियम ठाऊक असून तो मोडला, ते 'व्हायोलेशन'. धी, धृती, स्मृती यांच्याशी या विभागणीचे साम्य डोळ्यांत भरते. मिस्टेक ही धीची, लॅप्स स्मृतीचा, व्हायोलेशन धृतीचे. परंतु 'हे सर्व आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून टाळ्या घेण्याचा मोह आम्ही टाळू इच्छितो. चरकाची स्मृती म्हणजे केवळ आठवण नव्हे. मोहाचे आवरण नसताना दुपारच्या गर्दीत एखादी गोष्ट सहज विसरणे, याला कतिधापुरुषीयात स्वतंत्र जागा नाही. हात घसरण्यालाही नाही. शिवाय चरकाचे विवेचन शेवटी दुःखनिवृत्तीकडे व मोक्षाकडे जाते, रीझन यांचे कारखान्याकडे व रुग्णालयाकडे. दोन्ही शास्त्रे आपापल्या जागी ठेवून वाचली तरच एकमेकांवर प्रकाश पाडतात.

येथवर रुग्णाच्या प्रज्ञापराधाचा विचार झाला. परंतु त्याच अध्यायात प्रज्ञापराधाचे प्रकार सांगताना दोन गोष्टी अशा येतात की त्यांवरून वैद्याची नजर भराभर पुढे सरकते. वेगांचे उदीरण, वेगांचे धारण, साहस, अतिव्यवाय, पूज्यांचा अनादर, अकाली व अस्थानी संचार या यादीत 'कर्मकालातिपात' आणि कर्मांचा 'मिथ्यारंभ' हेही आहेत. कर्मकालातिपात म्हणजे चिकित्सेची योग्य वेळ टळू देणे. मिथ्यारंभ म्हणजे चुकीच्या पद्धतीने कर्मास हात घालणे. रुग्ण वेळेवर आला नाही तर तो त्याचा कालातिपात. परंतु तो वेळेवर आला आणि 'अजून आठ दिवस पाहू' म्हणून आपण त्याला योग्य ठिकाणी पाठवले नाही, तर? हा शब्द आपल्या दिशेनेही रोखलेला आहे.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे आणि तो येथे लिहिणे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी कंडूची तक्रार असलेल्या एका वृद्ध आजींना आम्ही गंधक रसायन द्यावयाचे ठरवले. बाहेर गर्दी होती. चिठ्ठीवर आम्ही घाईत लिहिले : 'गंध. २ गोळ्या, दोन वेळा.' औषधविक्रेत्याने गंधर्वहरीतकीच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी मुलगा आजींना अक्षरशः हाताला धरून घेऊन आला. तीन दिवस जुलाब, डोळे खोल गेलेले, उभे राहण्याची ताकद नाही. गोळ्या बंद केल्या, मीठ-साखरेचे पाणी व पेज सुरू केली, सुदैवाने सलाइनची वेळ आली नाही. आमची पहिली प्रतिक्रिया अशी होती की विक्रेत्याने हलगर्जीपणा केला. रागाच्या भरात त्याला दूरध्वनीही केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चिठ्ठी माझ्याकडे आहे. तुम्हीच वाचा." संध्याकाळी आम्ही ती वाचली. त्या 'गंध.'मध्ये गंधकही बसत होता आणि गंधर्वही.

आता यात कोणाचे काय ढळले? पूर्ण नाव लिहावे हे आम्हांस ठाऊक होते; म्हणजे धी शाबूत. विसरलो म्हणावे तर तसेही नाही, लिहिताना क्षणभर खटकले होते. खटकले असूनही हात थांबला नाही, म्हणून धृती. विक्रेत्याने शंका असून विचारले नाही. त्यानेच पुढे मान्य केले की आमच्या गर्दीच्या वेळी दूरध्वनी केल्यास आम्ही चिडतो, हे त्याला अनुभवाने माहीत होते. म्हणजे त्याच्या मौनालाही आमचाच स्वभाव कारण. आजींच्या मुलाने गोळ्यांच्या डबीवरील नाव वाचले होते, पण 'वैद्यांनीच दिले आहे' म्हणून तो गप्प राहिला. तीन ठिकाणी बाण वळवता आला असता. तिन्ही ठिकाणी तो तसाच पुढे गेला.

नावांमुळे होणारा हा प्रमाद आपल्या व्यवसायात किती खोल गेला आहे, हे औषधनिर्मात्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रात 'ब्राह्मी' मागितली तर कोठे बाकोपा येते, कोठे मंडूकपर्णी. 'शंखपुष्पी' या नावाखाली निरनिराळ्या कुळांतील वनस्पती बाजारात फिरतात. 'रास्ना' म्हणून उत्तरेत प्लुचिया, दक्षिणेत अल्पिनिया तर बंगालमध्ये वांडा वापरली जाते. यांपैकी प्रत्येकास स्थानिक परंपरेचा आधार आहे; म्हणून हे सर्व लबाडीत काढणे अन्यायाचे होईल. परंतु पाठ एका वनस्पतीचा आणि पोत्यात दुसरी, हे घडत राहते, आणि त्यात कोणालाच आपण चुकलो असे वाटत नाही.

अशा गोंधळाची किंमत किती असू शकते याचे सर्वांत दारुण उदाहरण बेल्जियममधील आहे. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समधील एका चिकित्सालयात वजन कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या योगात दोन चिनी वनस्पती घालण्यात आल्या. त्यांतील एक स्टेफानिया टेट्रान्ड्रा असावयास हवी होती. चिनी भाषेत तिचे नाव 'हान फांग जी'. प्रत्यक्षात पुरवठा झाला तो 'ग्वांग फांग जी'चा, म्हणजे अॅरिस्टोलोकिया फांगची या वनस्पतीचा. नावातील अर्धा भाग सारखा, द्रव्य सर्वस्वी भिन्न. अॅरिस्टोलोकिक आम्ल वृक्कांचा नाश करते. १९९३ साली ही घटना वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे बाधितांची संख्या शंभराच्या वर गेली, अनेक स्त्रियांना डायलिसिस वा वृक्कारोपण करावे लागले आणि काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या योगाची चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी कागदावर काहीच चुकीचे लिहिले नव्हते.

आपल्याकडे २०२१ साली मुंबईतील सहा रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गुळवेलीच्या सेवनाशी जोडणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेताना, सेवन केलेल्या वनस्पतीची नेमकी ओळख पटवली गेली नव्हती, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पासारखी दिसायला जवळची जात वापरली गेली असू शकते, असा मुद्दा मांडला. हा वाद येथे सोडवण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु दोन्ही पक्षांतून एकच प्रश्न उरतो : कोविडच्या काळात घराघरांत जी कांडे उकळली गेली, ती कोणी ओळखली होती? क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात. ताजे खोड हातात घेणाऱ्या जाणकाराला ते दिसतात. वाळवून भुकटी झाल्यावर ते कोणालाच दिसत नाहीत. चरकाने सूत्रस्थानाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे की औषधींची नावे व रूपे शेळ्यामेंढ्या राखणारे वनवासीही जाणतात, तथापि तेवढ्याने वैद्य होता येत नाही. आणि न ओळखलेले औषध त्याने विष, शस्त्र, अग्नी व वज्र यांच्या पंक्तीस बसवले आहे. आज आपली अवस्था अशी आहे की वनवाशाला जे रूप कळत होते तेही आपल्यापैकी अनेकांना कळत नाही.

'मानवी चूक' ही व्यक्तीपुरती राहत नाही, हेही संहितेत आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या, जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात पांचाल देशात, काम्पिल्य नगरीजवळ गंगातीरी ग्रीष्माच्या अखेरीस पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात की वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीने अख्खा जनपद उद्ध्वस्त होतो. आणि या विकृतीचे मूळ अधर्मात, अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात. तेथे दोषाची सुरुवात देशाच्या, नगराच्या प्रमुखांपासून दाखवली आहे, रुग्णापासून नव्हे. रीझन यांनीही पुढे हाच आग्रह धरला की अपघाताच्या शेवटच्या क्षणी ज्याचा हात यंत्रावर होता त्याच्यापलीकडे, व्यवस्थेत आधीपासून दडून राहिलेल्या छिद्रांकडे पाहावे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अहवालाने तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत असा अंदाज मांडला, तोही व्यक्तींना फासावर देण्यासाठी नव्हे. आपल्याकडे आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी औषधदक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ साली सुरू झाला आणि २०१८च्या सुमारास नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे त्याचे राष्ट्रीय समन्वयाचे काम आले. परंतु स्वतःच्या औषधाने रुग्णाला झालेला त्रास कळवणे म्हणजे स्वतःविरुद्ध फिर्याद देणे, अशी भावना आमच्या पिढीतील वैद्यांत आहे. 'अपराध' म्हणजे गुन्हा हा अर्थ आपणच मनात इतका पक्का केला आहे की आपली चूक आपण नोंदवत नाही. रुग्णावर उगारलेला शब्द असा आपल्यावरही उलटला आहे.

सुज्ञ औषधविक्रेत्यांना येथे एक विनंती. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई (१) अनुसूचीत वत्सनाभ, भल्लातक, कुपीलु, जयपाल, धत्तूर, हरताल, मनःशिला, पारद आदी द्रव्ये आहेत. त्यांपासून बनलेल्या व पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापलेली असते. अश्वकंचुकी किंवा इच्छाभेदी यांसारखा जयपालयुक्त कल्प संक्षिप्त अक्षरांवरून कधीही देऊ नये. वैद्य कितीही चिडका असो, विचारावे. गंधक आणि गंधर्व यांच्या घोटाळ्यात आजी चार दिवसांत सावरल्या. जयपालाच्या घोटाळ्यात तशी खात्री देता येत नाही.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढच्या भेटीत दिले. तेरा अधारणीय वेगांत क्षुधा व निद्रा आहेत. ते दोन्ही त्या दोन वर्षे अडवीत होत्या. हे रोगाचे कारण खरे. परंतु त्यांची धृती ढळली होती असे आम्ही म्हणू शकत नाही. तिच्याच बळावर ते घर उभे होते. चुकला होता तो एक हिशेब : स्वतःच्या झोपेला किंमत नाही, असा. तेवढ्यापुरती धी. "म्हणजे गुन्हा नाही, गणित चुकले," बाई म्हणाल्या आणि हसल्या. आठवड्यातून तीन रात्री पुतण्याने काकांजवळ झोपावे, असे त्यांनी घरी जाऊन ठरवले. सूतशेखराची मात्रा दीड महिन्यात निम्म्यावर आली.

आमच्या चिकित्सालयात आता औषधाचे नाव पूर्ण लिहिले जाते. त्या विक्रेत्याने आपल्या गल्ल्याजवळ एक दोनशे पानी वही ठेवली आहे. शंका आलेली प्रत्येक चिठ्ठी, विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर तो त्यात लिहितो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघे ती चाळतो. पहिल्या पानावर त्याने ती जुनी 'गंध.'ची चिठ्ठी डकवली आहे. गेल्या महिन्यात नऊ नोंदी होत्या. पाच आमच्या अक्षराच्या, तीन घाऊक व्यापाऱ्याकडून आलेल्या मालाच्या आणि एक त्याच्या स्वतःच्या मुलाची, ज्याने अविपत्तिकर चूर्णाच्या डब्यात दुसरेच चूर्ण ओतून ठेवले होते.